एकशे बारा नंबरचा राखणदार

बारकू थविलइतका हट्टी माणूस मी पाहिलेला नाही. मी पंचवटीत वाढलो, तेव्हा हट्टी माणसं काही कमी पाहिली नाहीत. पण त्यांच्या हट्टामागं काहीतरी मतलब असतो. बारकूच्या हट्टात मतलब नाही, म्हणून तर त्याच्यापुढं इलाज चालत नाही. बेताची उंची, पंचावन्नच्या पुढचं वय, अंगात चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. हे हेल्मेट तो जेवतानाही काढत नाही, कारण कामावर असताना ते काढायचं नाही असं त्याला सांगितलेलं आहे, आणि काम दिवसभराचं आहे असंही सांगितलेलं आहे. दोन्ही गोष्टी सांगणारा गाढव मीच.

माझं नाव शेखर. नाशिकला वीज पारेषणाच्या एका कंपनीच्या विभागीय कार्यालयात मी 'समाज सहभाग सहायक' आहे. नोकरी कंत्राटी, पाटी मात्र टेबलावर ठेवायला दिलीय. पारेषण म्हणजे मोठ्या टॉवरांवरून, मोठ्या तारांतून लांबची वीज आणखी लांब नेणं. तुमच्या घरात दिवा लावणारे आम्ही नव्हे, ती कंपनी दुसरी. हे वाक्य मी सहा वर्षांत इतक्यांदा म्हटलंय, की आता घरचा पंखा बंद पडला तरी माझ्या तोंडून तेच निघतं आणि बायको स्वतःच स्टूल घेऊन चढते.

लाईन ज्या गावांवरून जाते त्या गावांना प्रकल्प 'आपला' वाटला पाहिजे, ही माझी जबाबदारी. सुरगाणा तालुक्यात, जिथं दिवा आला तर आला, तिथं मी 'वीज वाचवा'चे स्टिकर वाटले. लोकांनी ते मुकाट्यानं भाताच्या कणगीला चिकटवले. तारांजवळ पतंग उडवू नका, म्हणून संक्रांतीला आवळपाड्यावर पथनाट्य नेलं. पाड्यावर पतंग तर नव्हतेच, माणसंही नव्हती. तीन म्हातारे आणि एक आजारी बैल एवढाच प्रेक्षकवर्ग. नाटक संपल्यावर त्यातला एक म्हातारा म्हणाला, "चांगलं व्हतं. पन त्यात मेला तो कोनाचा पोरगा?" मी अहवालात 'प्रेक्षकांनी प्रश्न विचारून सहभाग घेतला' असं लिहिलं.

पाडा रिकामा का, तर दिवाळी झाली की तिथल्या माणसांना पोटासाठी खाली उतरावं लागतं. भात, नागली निघते, ती चार-सहा महिने पुरते. मग जीपा येतात, टपावर भांडी-गोधड्या चढतात आणि अख्खा पाडा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातो. मेणकापडाची झोपडी, मालकाच्या विहिरीचं पाणी आणि दिवसभर बागेत हात वर करून उभं राहणं. शिमग्याला परत. बारकू आणि त्याची बायको अक्काबाई लग्नाच्या वर्षापासून असेच जात होते. बत्तीस वर्षं.

अशात आमच्या वरच्या ऑफिसातून 'टॉवरमित्र' योजना आली. प्रत्येक टॉवरला गावातलाच एक राखणदार नेमायचा, त्याला मानधन द्यायचं, जाकीट, हेल्मेट, शिट्टी आणि एक वही द्यायची. वहीच्या रोजच्या पानावर छापलेले दोन प्रश्न. टॉवर जागेवर आहे काय? तारा जागेवर आहेत काय? पुढं होय किंवा नाही लिहायचं, सही करायची. आठवड्याची पानं फाडून दर सोमवारी जीपवाल्याकडं द्यायची, ती नाशिकला पोचायची. आवळपाड्याच्या टेकडीवर एकशे बारा नंबरचा टॉवर होता आणि पाड्यावर दुसरी पास एकच माणूस होता. बारकू राखणदार झाला.

तो मोठा धूर्त आहे असं कुणाला वाटत असेल तर सांगतो, त्यानं मला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता. "साहेब, टावर पौषातबी बघायचा का?"

"बारा महिने बघायचा."

"म्हंजी पौषात घरीच ऱ्हायचं?"

"घरीच."

तो घराकडं तोंड करून ओरडला, "अक्का, आपून जायचं नाय!" अक्काबाई दारात आली, तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून पुन्हा आत गेली. ती रडली की हसली ते मला कळलं नाही.

तिचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. बागेत दिवसभर उभं राहणं तिला होत नव्हतं, पण नवरा गेला की मागं एकटी राहून करणार काय, म्हणून ती जात होती. त्या वर्षी नवरा-बायकोनं आपल्या घरातला हिवाळा पहिल्यांदा पाहिला. अक्काबाईनं पाण्याच्या झिऱ्याच्या ओलीवर वाल लावले. मी जानेवारीत गेलो तेव्हा तिनं नागलीची भाकरी आणि वालाची भाजी वाढली आणि म्हणाली, "भाऊ, आमच्या घरावर सकाळचं ऊन मागल्या बाजूनं येतं. मला म्हाईतच नव्हतं. हिवाळ्यात कधी पाह्यलंच नाय ना." मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

आता यात घोळ कसा झाला ते सांगतो. घोळ दोन झाले. एक कंपनीनं केला, एक मी.

कंपनीचा घोळ असा. लाईनचा पहिला नकाशा आवळपाड्याच्या टेकडीवरून जात होता. नंतर परवानगीच्या भानगडीत नकाशा बदलला आणि लाईन दरीपलीकडच्या डोंगरावर सरकली. नवा नकाशा सगळ्यांना पोचला, फक्त आवळपाड्याच्या ठेकेदाराला पोचला नाही. त्यानं जुन्या नकाशाप्रमाणं चार पाय रोवले, वर सरळसोट टॉवर उभा केला, बिल लावून निघून गेला. तारा पलीकडच्या डोंगरावरून गेल्या. तेव्हापासून आवळपाड्यावर एक टॉवर एकटाच उभा आहे, त्याला अलीकडे कुणी नाही, पलीकडे कुणी नाही. कागदावर तर तो नाहीच. राखणदारांची यादी मात्र जुन्या नकाशावरून झाली होती.

माझा घोळ असा. नेमणुकीच्या दिवशी सगळ्या राखणदारांना नाशिकला सभागृहात आणून शपथ द्यायची होती. मसुदा माझ्याकडं आला. मी इकडून तिकडून चार ओळी जमवल्या, पण पान भरेना. साहेबांना भरलेलं पान आवडतं. म्हणून शेवटी मी एक ओळ घातली : 'मी जे पाहीन तेच लिहीन.' चारशे माणसांनी उजवा हात पुढं करून ती म्हटली, वडे खाल्ले आणि घरी गेले. बारकूनं काय केलं? तो नारळ घेऊन पाड्याच्या शिवेवरच्या वाघदेवापुढं गेला आणि सबंध शपथ देवाला पुन्हा ऐकवली. त्यांच्याकडं माणसांपुढं घेतलेली शपथ नुसती बोलाचाली असते; वाघदेवाला सांगितली की ती लागू होते. आणि सोडायची झाली तर वाघबारशीलाच सोडता येते, मधे नाही.

मग तो रोज टेकडी चढायचा, टॉवरला एक फेरी मारायचा, मान वर करून बघायचा आणि पानावर लिहायचा. टॉवर : होय. तारा : नाही. खाली बारीक अक्षरात स्वतःहून : 'अजून आल्या नाहीत.'

नाशिकच्या ऑफिसात ही पानं पल्लवी नावाची मुलगी संगणकात भरते. संगणकात दोनच खाने, होय आणि नाही. बारीक अक्षराला खाना नाही. आणि तारांपुढं 'नाही' भरलं, की संगणक आपोआप एका गाळ्याच्या, म्हणजे दोन टॉवरांमधल्या साडेतीनशे मीटर तारांच्या चोरीची नोंद करतो. ही हुशारी मुंबईहून बसवून दिलेली आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'नाही' आलं, की पुन्हा साडेतीनशे मीटर. पल्लवीनं एकदा मला विचारलं होतं, "सर, यांच्या तारा रोजच जातात का हो?" मी फोनवर होतो. मी म्हटलं, "भर तू."

दीड वर्षानं मुंबईहून पत्र आलं. नाशिक विभागातून दोनशे किलोमीटर तारा चोरीला गेल्या होत्या. आमची सबंध लाईन एकशे चाळीस किलोमीटरची. म्हणजे होती नव्हती ती सगळी नेऊन चोरांनी वर साठ किलोमीटर आमच्याकडून उसनी नेली होती, आणि वीज मात्र सुरळीत चालू होती. याचं मुंबईत कुणाला नवल वाटलं नाही. त्यांनी फक्त 'चोरी आटोक्यात आणावी' असं कळवलं होतं.

आमचे साहेब रविराज. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. त्यांनी दार लावलं आणि मी शोधून काढलेली सगळी हकिकत ऐकली. मी म्हटलं, "सर, चोरी झालेलीच नाही. तिथं एक जादा टॉवर आहे, तो आपण कळवून टाकू."

साहेबांचा चेहरा उतरला. "शेखर, चोरी कुणाचीही असते. टॉवर आपला असतो. टॉवर कळवला तर कुणी बांधला, का बांधला, सही कुणाची, हे निघेल. आपण दोघं त्यातच म्हातारे होऊ. त्या माणसाला सांगा, उद्यापासून 'होय' लिही."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर त्याला काढा. होय लिहिणारा दुसरा बघा."

मी सुरगाण्यापर्यंत एसटीनं आणि पुढं सोमाच्या जीपनं गेलो. सोमा म्हणजे तोच जीपवाला, जो दर सोमवारी पानं आणतो आणि दिवाळीनंतर पाडा भरून नेतो. मे महिना होता. बारकू टॉवरच्या सावलीत बसला होता. टॉवरची सावली ती काय, जाळीची. त्याच्या अंगावर सगळे चौकोन पडले होते. मी गोडीत सुरुवात केली. "बारकूदादा, एक शब्द बदलायचाय फक्त. तारांपुढं होय लिहायचं."

"आल्या का तारा?"

"आल्या नाहीत. पण लिहायचं."

"मी जे पाहीन तेच लिहीन," तो म्हणाला. माझीच ओळ. ऐकून माझं डोकंच सटकलं.

"अहो, ती ओळ मी पान भरायला घातली होती!"

"असंल. म्या देवाला सांगताना ती पान भरायला हाय असं न्हाय सांगितलं."

"दादा, तुम्ही 'नाही' लिहिलं तर तुम्हाला काढतील. दिवाळीनंतर पुन्हा बागेत जावं लागेल. अक्काबाईंचे गुडघे बघा. एका शब्दासाठी?"

त्यानं मान वर करून टॉवरकडं पाहिलं. हट्टी माणसाचा राग येतो तसा मला आला होता, पण त्याचे डोळे भरले तेव्हा मला माझीच लाज वाटली. तो म्हणाला, "साहेब, जायचं कोनाला हाय? मला नाय जायचं. तिलाबी नाय जायचं. पन नाय त्याला हाय कसं म्हनू? वाघबारशीपर्यंत थांबता का? तवा शपथ सोडतो, मंग तुमी म्हनाल ते लिहितो."

वाघबारस म्हणजे दिवाळीच्या तोंडावर. तोवर आणखी साठ किलोमीटर तारा गेल्या असत्या. एवढ्यात अक्काबाई पाण्याचा तांब्या घेऊन टेकडी चढून आली. गुडघ्यावर हात ठेवून ती थोडी थांबली आणि तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "भाऊ, तार नाय म्हनून हे नाय लिहित्यात ना?"

"हो."

"मंग तार आना की. तुमची कंपनी तारंची हाय का कशाची?"

सबंध विभागीय कार्यालयाला जे सुचलं नव्हतं, ते दुसरी यत्ताही न शिकलेल्या बाईनं तांब्या खाली ठेवायच्या आत सांगितलं होतं. तार आणली तर माणूस खोटं न बोलता 'होय' लिहील, चोरी बंद होईल आणि टॉवरही कळवावा लागणार नाही. मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "कल्पना माझी म्हणून नोंदवा."

दिंडोरीजवळच्या आवारात उरलेल्या तारांची वेटोळी पडून होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन लाईनमन आणि साठ मीटर तार आवळपाड्यावर आली. खरी, लाईनचीच तार, अंगठ्याएवढी जाड. लाईनमन वर चढले आणि टॉवरच्या आडव्या हातावर ती मधोमध टाकून दोन्ही टोकं खाली सोडली. एक लाईनमन मला म्हणाला, "साहेब, पुढं कुठं जोडायची?" मी म्हटलं, "कुठंच नाही." तो म्हणाला, "मग इकडून?" मी म्हटलं, "इकडूनही नाही." त्यानं माझ्याकडं कीव करावी तसं पाहिलं आणि काम फोटोपुरतं आहे असं समजून तार सुताच्या दोरीनं बांधली. बारकूनं खालून दोन्ही टोकं हातानं चाचपून पाहिली. मग वही उघडून लिहिलं : होय. अक्षर पहिल्यापेक्षा मोठं होतं.

आवळपाड्यावरची चोरी त्या दिवशी बंद झाली. महिन्याला दहा किलोमीटरवरून एकदम शून्यावर. मुंबईत आनंदीआनंद झाला. पंधरा वर्षांत कुठल्याच विभागाला न जमलेलं काम नाशिकनं लोकसहभागातून करून दाखवलं होतं. ऑक्टोबरात नाशिकच्या एका हॉटेलात समारंभ ठरला. रविराज साहेबांना ढाल, आणि 'आदर्श टॉवरमित्र' म्हणून बारकूला शाल-श्रीफळ.

अक्काबाई आणि तो सोमाच्या जीपनं आले. मोठ्या साहेबांनी बारकूच्या पुढं माईक धरला आणि विचारलं, "काका, एवढी मोठी टोळी तुम्ही एकट्यानं कशी रोखली?"

रविराज साहेबांनी खुर्चीत डोळे मिटून घेतले. बारकू माईकमध्ये म्हणाला, "चोरी झालीच नव्हती, साहेब. तारा नव्हत्याच."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. मोठे साहेब गहिवरून म्हणाले, "बघा, हा आहे आपल्या मातीतला विनय!" बारकू माझ्याकडं बघत होता, की मी काय चुकीचं बोललो. मी त्याला खुणेनंच खाली यायला सांगितलं. अक्काबाईनं शाल बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "हिवाळ्याला बरी हाय."

आठ दिवसांनी पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं. नाशिक विभागात तारचोरी शून्यावर आल्यानं टॉवरमित्र योजनेचा हेतू सफल झाला आहे, सबब दिवाळीपासून योजना समाप्त करण्यात येत आहे. सर्व संबंधितांचे अभिनंदन.

मी साहेबांच्या अंगावर ओरडलो. कंत्राटी माणसानं ओरडायचं नसतं, पण ओरडलो. "सर, चोरी होती तेव्हा राखणदार होता. चोरी नाही म्हणून राखणदार नाही. म्हणजे त्यानं चोरी चालू ठेवायला हवी होती काय?" साहेब ढालीकडं बघत म्हणाले, "तत्त्वतः, होय." ते चेष्टा करत नव्हते. त्यांनाही वाईट वाटत होतं, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगतो.

पत्र घेऊन पुन्हा मीच गेलो. दिवाळीला आठवडा राहिला होता. बारकूनं पत्र अक्षर लावत लावत मोठ्यानं वाचलं, घडी केली आणि जाकिटाच्या खिशात ठेवलं. "मंग टावर कोन बघल?" एवढंच तो म्हणाला. मग त्यानं खिसा वरून चाचपला. "वाघबारशीला देवाला सांगून टाकतो," तो म्हणाला. "शपथ सुटली म्हंजी जायला मोकळा."

अक्काबाई वालाच्या वेलांपाशी उकिडवी बसली होती. वेल नुकते जमिनीवर लोळायला लागले होते, त्यांना चढायला काही नव्हतं. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "सोमाची जीप कवा हाय?" मी म्हटलं, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. ती म्हणाली, "आन् वाघबारस सोमवारी." मग ती उठली. उठताना तिला जमिनीला हात लावावा लागला. मला त्या क्षणी कंपनीचा, साहेबांचा, ढालीचा आणि सगळ्यात जास्त माझा संताप आला. पण संतापून मी करणार काय होतो? जीपमध्ये बसलो आणि नाशिकला आलो.

सोमवारी सोमानं आवळपाड्याची शेवटची पानं आणून दिली. पल्लवी भरायला बसली आणि मला हाक मारली. "सर, हे बघा."

शनिवारपर्यंत सगळी पानं बरोबर होती. रविवारच्या पानावर, म्हणजे शपथ सुटायच्या आदल्या दिवशीच्या, लिहिलं होतं : टॉवर : होय. तारा : नाही. खाली बारीक अक्षरात : 'मागील बाजूस पाहावे.' पानाच्या मागं चोरीचा तपशील भरायचे खाने छापलेले असतात, हे मी तर विसरूनच गेलो होतो. गेल्या दोन वर्षांत बारकूनं ते कधी भरले नव्हते, कारण चोरी कधी झालीच नव्हती. आता ते त्याच्या ठसठशीत अक्षरात भरलेले होते.

चोरीस गेलेला माल : तार, साठ मीटर, एक. चोरीची वेळ : सकाळी, मी भाकर खायला घरी गेलो तेव्हा. चोरीची पद्धत : पावसात दोरी कुजली होती. खालचं एक टोक धरून ओढलं. मालाचा सध्याचा ठावठिकाणा : माझ्या घरामागं, वालाला मांडव. चोराचे नाव, माहीत असल्यास : अक्काबाई बारकू थविल, माझी बायको. सोबत पाड्यातल्या अकरा बाया, नावं विचारली तर सांगेन.

खाली सही, आणि सहीच्या खाली : 'जे पाहिलं ते लिहिलं.'

मी खुर्चीत बसलो. शपथ सुटायला एक दिवस उरला असताना त्या बाईनं भर सकाळी तार नेली होती, कारण दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं ती नोंद केलीच नसती. आणि नवऱ्यानं दोन वर्षांत पहिल्यांदा खरी झालेली चोरी बायकोच्या नावासकट कंपनीला कळवली होती. मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पल्लवी घाबरली. "सर, आता काय करू? संगणकात नाव टाकायला जागाच नाही. चोर म्हणून दोनच पर्याय आहेत, 'अज्ञात' आणि 'टोळी'."

"बाया किती आहेत?"

"बारा."

"मग टोळी. खरं तेच भर."

तिनं टोळी भरली. संध्याकाळच्या आत मुंबईचा फोन आला. योजना बंद होते न होते तोच टोळी परतली होती. मंगळवारी पत्र आलं : नाशिक विभागात योजना पुढील आदेशापर्यंत चालू ठेवावी. एकशे बारा नंबरचा टॉवर अतिसंवेदनशील समजण्यात यावा. रविराज साहेब ढाल कपाटात ठेवून मला म्हणाले, "कुठल्या टॉवरला अतिसंवेदनशील म्हणतायत, ते कळतंय ना तुम्हाला?" मी म्हटलं, कळतंय. ते म्हणाले, "मग गप्प बसा."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पत्र घेऊन आवळपाड्यावर पोचलो तेव्हा सोमाची जीप भरत होती. शेजारची चार घरं टपावर गोधड्या बांधत होती. थविलांच्या दारात गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. बारकू उंबऱ्यावर, अक्काबाई मागं मांडवापाशी, दोघांची तोंडं दोन दिशांना.

"सहा दिस झालं, बोलत नाय माझ्याशी," अक्काबाईनं मला सांगितलं. "चोराशी कसं बोलू म्हनतो."

"तार मागतो तर देत नाय," उंबऱ्यावरून बारकू.

"नाय द्यायची! बत्तीस वर्सं दुसऱ्याच्या द्राक्षाला मांडव घातला," तिचा आवाज चढला. "एक माझ्या वालाला घातला तर तुमची कंपनी बुडती का? न्या मला धरून. जीपमंदी बसून बागंत जान्यापरीस कोठडीत बसंन. गुडघं तर दुखायचं नायत!"

मी पत्र वाचून दाखवलं. योजना चालू. मानधन चालू. कुणी कुठं जायचं नाही. बारकूनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. अक्काबाई दारात आली आणि गाठोड्याची गाठ सोडायला बसली. गाठ घट्ट होती, तिनं ती दातांनी सोडली. सोमानं जीपमधून हॉर्न वाजवला, मी त्याला हातानं 'जा' म्हटलं.

बारकू मात्र अजून अडलेलाच होता. तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "शेखरभाऊ, पन चोर तर सापडलाय. आता राखणदारानं काय करायचं असतं?"

हा प्रश्न नियमावलीत नाही. नियमावली मीच लिहिलेली आहे, मला माहीत आहे. पण तो वही उघडून, पेन धरून उभा होता, आणि मी जे सांगेन ते तो करणार होता.

मी म्हटलं, "नजर ठेवायची. चोराला नजरेआड होऊ द्यायचं नाही. कुठंही गेला तरी सोबत जायचं."

"किती दिस?"

"पुढील आदेशापर्यंत."

त्यानं ते सावकाश, शब्द लावत लिहून घेतलं. थोड्या वेळानं अक्काबाई डोक्यावर एक हंडा आणि हातात एक घेऊन झिऱ्याकडं निघाली. बारकूनं वही मिटली, चार पावलांत तिला गाठलं, तिच्या हातातला हंडा आपल्या हातात घेतला आणि तिच्या बरोबरीनं चालू लागला.